अजून दहा सेकंद ऐका

मंडळी, या वीकेंडला जरा जमिनीखाली जाऊ. मेट्रोच्या बोगद्याइतकं नाही, चांगलं वीस-तीस किलोमीटर खाली.

कुठे जमीन हलली की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. अमुक तारखेला, अमुक वाजता मोठा भूकंप होणार, सगळ्यांना कळवा. पाठवणारा कुणीतरी काकांच्या ग्रुपमधला असतो आणि त्याचा हेतू चांगलाच असतो. पण भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणं आज जगात कुणालाही जमत नाही. जपानला नाही, अमेरिकेलाही नाही. आपण मात्र तारखेच्या मागे इतके लागलोय की जे खरंच कळू शकतं त्याकडे कुणाचं लक्ष नाही.

कळू शकतं ते म्हणजे भ्रंशाचा आकार. भ्रंश, म्हणजे ज्याला आपण सरळ फॉल्ट म्हणतो ती जमिनीतली फट, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. ती किती लांब आहे, किती खोल जाते, उभी आहे की तिरपी, तिरपी असेल तर कुठल्या दिशेला झुकली आहे. भूकंप किती मोठा होऊ शकतो हे बरंचसं एका वेळी किती क्षेत्रफळ सरकतं यावर ठरतं. लांबी गुणिले रुंदी. जमिनीवर दिसते ती फक्त लांबी, आणि तीसुद्धा नशीब असेल तर. रुंदी सगळी खाली असते. धक्का कुठल्या गावाला जास्त बसेल हेही त्या उतारावर अवलंबून असतं, कारण तिरप्या फटीच्या वरच्या अंगाला असलेली गावं फटीच्या जास्त जवळ असतात.

हा आकार खोलवर बारकाईने दाखवणारी सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे भूकंपलहरींचं परावर्तन, सोप्या भाषेत जमिनीचा प्रतिध्वनी. आणि माझं आजचं म्हणणं इतकंच आहे की तो ऐकताना आपण रेकॉर्डर फार लवकर बंद करतो, आणि रेकॉर्ड केलेला कच्चा माल फार सहज फेकून देतो. या दोन्ही सवयी बदलल्या तर खूप कमी पैशात खूप काही कळेल.

आता जरा मुळापासून.

मडकं विकत घेताना आजी ते बोटाने टणटण वाजवून बघते. आत तडा असेल तर आवाज बद्द येतो. जमिनीचंही साधारण तसंच. वर जमिनीला धक्का द्यायचा, सुरुंगाने किंवा जड ट्रकने, आणि ओळीत लावलेल्या शेकडो जिओफोनवर खालून काय परत येतं ते ऐकायचं. खाली खडक बदलला, म्हणजे त्याची घनता किंवा त्यातला लहरींचा वेग बदलला, की थोडी ऊर्जा तिथून परत फिरते. उशिरा आलेला प्रतिध्वनी खोलवरून आलेला. कठीण खडकात लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते. जाऊन परत यायचंय, त्यामुळे घड्याळातला १ सेकंद म्हणजे ३ किलोमीटर खोली. १० सेकंद म्हणजे ३० किलोमीटर. एवढं गणित लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

तेल शोधणाऱ्या कंपन्या हे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून करतायत. पण तेल असतं गाळाच्या खडकात, वरच्या काही किलोमीटरमध्ये. त्यामुळे त्यांचा रेकॉर्डर ४-५-६ सेकंद चालायचा आणि बंद व्हायचा. त्यापुढे जे येईल ते त्यांच्या कामाचं नाही. धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. ज्या लॉगचं बिल कुणी देणार नाही तो कोण साठवणार?

१९७५ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या जॅक ऑलिव्हर आणि सिडनी कॉफमन वगैरे मंडळींनी एक साधी गोष्ट केली. नवीन यंत्र शोधलं नाही. तेलवाल्यांचेच ट्रक, त्यांचेच जिओफोन, त्यांचेच कंत्राटदार घेतले आणि रेकॉर्डर १५-२० सेकंद चालू ठेवला. प्रकल्पाचं नाव कोकॉर्प. पहिली चाचणी टेक्सासमधल्या हार्डमन काउंटीत झाली. हा ऑलिव्हर म्हणजे प्लेट टेक्टॉनिक्सच्या बाजूने भूकंपशास्त्राचा पुरावा उभा करणाऱ्यांपैकी एक, १९६८ च्या त्या गाजलेल्या पेपरच्या तीन लेखकांमधला. एवढं नाव झाल्यावर माणूस खुर्चीत बसून व्याख्यानं देत फिरतो. हा तेलवाल्यांच्या ट्रकच्या मागे लागला.

आणि मग काय दिसलं? वायोमिंग राज्यात विंड रिव्हर नावाची डोंगररांग आहे. ती वर कशी आली यावर भूशास्त्रज्ञांमध्ये जुना वाद होता. एक पक्ष म्हणायचा, खालून सरळ उभी ढकलली गेली. दुसरा म्हणायचा, बाजूने दाब आला आणि एका तिरप्या भ्रंशावरून सरकत वर आली. जमिनीवरच्या खडकांकडे बघून दोन्ही पक्षांना आपापलं सिद्ध करता येत होतं. डोंगराच्या कडेला भ्रंश दिसतो, पण तो खाली जाऊन उभा होतो की तिरपाच राहतो, हे वरून कसं कळणार? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोकॉर्पने तिथे रेषा टाकली. भ्रंशाचा प्रतिध्वनी ३० ते ३५ अंशांच्या उताराने किमान २४ किलोमीटर खोलपर्यंत सरळ जाताना दिसला. आडव्या दाबाचा पक्ष जिंकला. २४ किलोमीटर म्हणजे आपल्या गणिताने ८ सेकंद. पाचव्या सेकंदाला रेकॉर्डर बंद केला असता तर हा वाद अर्धवटच राहिला असता.

दुसरं उदाहरण तर याहून भारी आहे. अमेरिकेच्या पूर्वेला ॲपलाचियन पर्वत आहे. त्याच्या दक्षिण भागात जमिनीवर जुने, कठीण, स्फटिकी खडक आहेत. सगळे समजून चालले होते की हे खडक म्हणजे डोंगराची मुळं, खालपर्यंत तेच असणार. १९७९ साली कोकॉर्पने जे प्रसिद्ध केलं त्यात त्या खडकांच्या खाली सपाट, थर-थर असलेले परावर्तक दिसले. म्हणजे गाळाचे खडक. वरचा सगळा कठीण खडकाचा तुकडा एखाद्या गालिच्यासारखा किमान २६० किलोमीटर पश्चिमेला सरकून त्यांच्यावर येऊन बसला होता. ज्या भ्रंशावरून तो सरकला तो जवळजवळ आडवा आहे. मुंबई ते पुणे आणि परत, एवढं अंतर एक अख्खा पर्वत सरकतो आणि वर उभं राहिलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही!

आता आपल्यासारख्या लोकांना आवडेल असा भाग. इंजिनीअरिंगला डीएसपी शिकलेल्यांनी हात वर करा. 'हे आयुष्यात कुठे वापरणार?' असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. इथे वापरतात.

ट्रक जमिनीला एकच मोठा दणका देत नाही. तो पोटाखालची जड प्लेट जमिनीवर टेकवतो आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या कंपनसंख्येने जमीन थरथरवतो. कोकॉर्पच्या कामात साधारण ८ हर्ट्झपासून ३२ हर्ट्झपर्यंत. याला स्वीप म्हणतात. स्वीप कितीतरी सेकंद चालतो, त्यामुळे वरच्या थराचा प्रतिध्वनी संपायच्या आत खालच्या थराचा सुरू होतो. कच्चा रेकॉर्ड बघितला तर नुसता गोंगाट. मग काय करायचं? आपण कुठला स्वीप पाठवला ते आपल्याला माहीत आहे. तो त्या गोंगाटावरून सरकवत न्यायचा आणि कुठे जुळतो ते बघायचं. क्रॉस-कोरिलेशन. जिथे जुळलं तिथे एक टोकदार शिखर येतं. तोच प्रतिध्वनी. रडारमध्ये हीच युक्ती आहे, जीपीएसचा रिसीव्हरही उपग्रहाचा सिग्नल अशाच जुळवणीने ओळखतो. त्यावर पुन्हा एकाच बिंदूवरून परत आलेले वेगवेगळे रेकॉर्ड बेरजेत घ्यायचे. २४ वेळा ऐकून बेरीज केली तर गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल जवळपास पाचपट ठळक होतो, कारण २४ चं वर्गमूळ ४.९.

इथे माझा आवडता किस्सा येतो. १९८९ साली ओकाया आणि जार्चो या दोघांनी एक पेपर लिहिला. त्यांचा प्रश्न असा होता : तेलवाल्यांच्या उथळ कामासाठी केलेल्या रेकॉर्डमधून खोलवरचे प्रतिध्वनी काढता येतील का? वाटतं की नाही येणार, रेकॉर्डर बंद झाला ना. पण थांबा. समजा स्वीप १६ सेकंदांचा आहे आणि त्यानंतर ४ सेकंद ऐकलं. कच्ची टेप झाली २० सेकंदांची. नेहमीच्या पद्धतीने जुळवणी केली की ४ सेकंदांचा, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरचा निकाल मिळतो. आता ३० किलोमीटरवरून येणारा प्रतिध्वनी घ्या. तो १० व्या सेकंदाला यायला लागतो आणि २६ व्या सेकंदापर्यंत येत राहणार असतो. टेप २० व्या सेकंदाला संपली, तरी १६ पैकी पहिले १० सेकंद टेपवर आहेतच! पूर्ण स्वीप नाही, पण अर्ध्याहून जास्त आहे. मग जुळवणीही तेवढ्याच तुकड्याशी करायची. स्वीप कमी कंपनसंख्येकडून जास्तीकडे जात असेल तर हाताशी राहतो तो कमी कंपनसंख्येचा भाग. आणि गंमत म्हणजे खोलवरून परत येताना वरच्या कंपनसंख्या वाटेत जिरूनच जातात, टिकतात त्या खालच्याच. म्हणजे जे गेलं त्यातलं बरंचसं तसंही मिळणार नव्हतं.

थोडक्यात, १२ किलोमीटरसाठी पैसे मोजलेल्या टेपमध्ये ३० किलोमीटरची माहिती झोपून राहिलेली असते. नवीन ट्रक नको, नवीन परवानगी नको, शेतकऱ्याच्या बांधावर पुन्हा वायर टाकायला नको. फक्त एक अट आहे. ती कच्ची टेप शिल्लक पाहिजे. आणि बऱ्याचदा ती नसते, कारण जागा वाचवायला जुळवणी तिथल्या तिथे, फील्डवरच करून कच्चा रेकॉर्ड पुसला जातो. प्रोडक्शनचे मूळ लॉग उडवून फक्त डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, तसं हे आहे. पुढे कुणाला नवा प्रश्न पडला तर स्क्रीनशॉटला काय विचारणार?

आता दुसरी बाजू. वर लिहिलंय ते वाचून कुणाला वाटेल की जमिनीचा एक्स-रेच मिळाला. तसं नाही. या पद्धतीच्या मर्यादा मोठ्या आहेत आणि त्या लपवून तिची वकिली करण्यात अर्थ नाही.

पहिली मर्यादा, उभे भ्रंश दिसत नाहीत. आरसा उभा धरला तर वरून टाकलेला प्रकाश परत वर येत नाही, तसंच. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास हा जगातला बहुधा सगळ्यात प्रसिद्ध भ्रंश, पण तो जवळजवळ उभा आहे. त्याच्या आजूबाजूचे आडवे थर कुठे तुटतात यावरून त्याचा अंदाज बांधावा लागतो.

दुसरी, चित्र धूसर असतं. २० हर्ट्झच्या लहरीची लांबी या खडकात ३०० मीटर होते. २० किलोमीटर खोलीवर एका प्रतिध्वनीत सुमारे पावणेदोन किलोमीटर त्रिज्येच्या पट्ट्याची माहिती एकत्र कालवलेली असते. संगणकावर मायग्रेशन नावाचं गणित करून ते बरंच आवळता येतं, पण ते गणित लहरींच्या वेगाच्या अंदाजावर चालतं. अंदाज बदलला की चित्र हलतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची मर्यादा म्हणजे, प्रतिध्वनी आला हे खरं, पण तो कशाचा? खोलवर भ्रंशाच्या पट्ट्यात खडक चिरडून, ताणून मायलोनाईट नावाचा बारीक पापुद्र्यांचा खडक होतो. त्याचे पातळ थर एकावर एक बसलेले असले की त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून जोरदार होऊ शकतात. फटीत पाणी असेल तरी होतात. पण जुन्या लाव्हाचा एखादा आडवा पट्टाही तसाच चमकतो. नकाशावरची रेघ आपलं नाव सांगत नाही.

रशियातल्या कोला इथे १९७० साली खणायला घेतलेलं छिद्र १२,२६२ मीटरपर्यंत गेलं. वरून केलेल्या मोजणीवरून अंदाज होता की साधारण ७ किलोमीटरवर ग्रॅनाईट संपून बेसॉल्टसारखा खडक लागेल. तो लागलाच नाही. लागला तो भेगाळलेला, पाणी मुरलेला रूपांतरित खडक. याउलट जर्मनीत बव्हेरियामध्ये केटीबी नावाचं छिद्र १९९४ साली ९,१०१ मीटरवर थांबलं. तिथे वरून केलेल्या परावर्तनाच्या मोजणीत एक तिरपा, ठळक परावर्तक दिसला होता, वर दिसणाऱ्या एका मोठ्या भ्रंशाशी जुळणारा. खणताना सुमारे ७ किलोमीटरवर खरोखरच चुरडलेल्या खडकाचा, पाणी असलेला भ्रंशपट्टा लागला. पण त्याच ठिकाणी खडकांच्या दोन मोठ्या गटांमधली सीमा ३ ते ५ किलोमीटरवर लागेल असा जो भूशास्त्रीय अंदाज होता, तो मात्र फसला. तोच खडक शेवटपर्यंत चालू राहिला.

म्हणजे ही पद्धत कधी बरोबर, कधी अर्धवट. मग तिच्यावर पैसे का घालायचे? माझं उत्तर असं : ज्या पद्धतीचा निष्कर्ष पुढे बदलू शकतो, तिचा कच्चा डेटा तर आणखी जपायला हवा. चित्र म्हणजे कच्चा डेटा अधिक त्या वर्षीचं सॉफ्टवेअर अधिक त्या माणसाचं मत. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी दर दहा वर्षांनी बदलतात. कोकॉर्पच्या रेषा पुढे इतर लोकांनी नव्या प्रोसेसिंगने पुन्हा काढल्या, पुन्हा भांडले. ते शक्य झालं कारण टेप होत्या.

आता हे सगळं आपल्याला का लागू होतं, त्याकडे येऊ.

१९९२ साली चिनी आणि अमेरिकन संशोधकांनी दक्षिण तिबेटमध्ये इनडेप्थ नावाच्या प्रकल्पाची पहिली रेषा टाकली. तिथे भूकवच इतकं जाड आहे की त्याच्या तळाचा प्रतिध्वनी, साधारण ७५ किलोमीटरवरचा, वर यायलाच २३-२४ सेकंद लागतात. त्यामुळे रेकॉर्डर ५० सेकंद चालू ठेवला. त्यात ३०-४० किलोमीटर खोलीवर एक ठळक परावर्तक उत्तरेकडे उतरत जाताना दिसला. हिमालयाचा मुख्य भ्रंश. भारताची भूमी ज्या पृष्ठावरून तिबेटखाली शिरते आहे, त्याचा खोलवरचा भाग. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये गोरखाचा ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जवळपास ९,००० माणसं गेली. तो याच भ्रंशाच्या दक्षिणेकडच्या, उथळ भागावर झाला. आणि फाट जमिनीपर्यंत पोचली नाही. भ्रंशाचा दक्षिणेकडचा भाग त्या दिवशी सरकलाच नाही. तो उरलेला भाग कसा आहे, सपाट आहे की मध्ये पायरी आहे, हा उत्तर भारतातल्या आणि नेपाळमधल्या लाखो घरांचा प्रश्न आहे. १९९२ च्या त्या रेषेने तारीख सांगितली नाही. सांगू शकतही नव्हती. पण जो भ्रंश सरकणार तो खाली कसा पसरलाय, त्याचा एक टोकाचा तुकडा तिने दाखवला.

आणि महाराष्ट्र?

११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयना, तीव्रता ६.३. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारी, तीव्रता ६.२. किल्लारीच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक विसर्जन करून दमून झोपले होते. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या भागात असा भ्रंश आहे हे आधी कुणाला ठाऊक नव्हतं. कारण उघड आहे. आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ पसरलाय. किल्लारीला खणलेल्या छिद्रात तो ३३८ मीटर जाड निघाला, कोयनेजवळच्या एका छिद्रात ९०० मीटरहून जास्त. त्याखालचं जुनं ग्रॅनाईट आणि त्यातल्या जुन्या जखमा वरून दिसतच नाहीत. काळी घोंगडी पांघरून कोणीतरी झोपलंय आणि आपण घोंगडीच्या सुरकुत्या बघून त्याचा आजार ओळखतोय.

काहीच झालं नाही असंही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात कोयना भागातून दोन लांब रेषा टाकल्या होत्या, गुहागर–चोरोची आणि केळशी–लोणी. भूकवचाची जाडी आणि त्यातले ढोबळ थर त्यातून कळले. ती पद्धत थोडी वेगळी, लांबून ऐकायची. १९९० च्या दशकात याच संस्थेने राजस्थानात नागौर ते झालावाड अशी सुमारे ४०० किलोमीटरची खोल परावर्तनाची रेषाही केली, अरवलीला आडवी छेदून. कोयनेला गोठणे इथे २०१७ मध्ये ३ किलोमीटरचं छिद्र खणून झालं, आणि ते योग्यच झालं, कारण तिथला भ्रंश उभ्यासारखा आहे आणि उभ्या भ्रंशापुढे प्रतिध्वनीचा फारसा इलाज चालत नाही, हे आपण वर बघितलं. किल्लारीचा भ्रंश मात्र तिरपा होता. तशा भ्रंशांसाठीच ही पद्धत आहे.

कुणी म्हणेल, बेसॉल्टमधून ऐकणं महाकठीण. मान्य. लाव्हाचे थर एकावर एक, मध्ये लाल मातीचे पट्टे, सच्छिद्र खडक, त्यामुळे बरीच ऊर्जा वरच विखुरते. पण तिथेही उपाय खालच्या कंपनसंख्यांचाच आहे, आणि जास्त वेळ, जास्त लांबून ऐकण्याचा. उत्तर अटलांटिकमध्ये बेसॉल्टखाली तेल शोधणाऱ्यांनी तोच रस्ता धरला.

तर आता माझी मागणी, आणि ती अगदी छोटी आहे.

भारत सरकारने २०१६ मध्ये नॅशनल सिस्मिक प्रोग्रॅम सुरू केला. देशातल्या २६ गाळाच्या खोऱ्यांमधले न तपासलेले भाग तपासायचे, सुमारे ४८ हजार किलोमीटरच्या रेषा, उद्देश अर्थात तेल आणि वायू. त्या २६ च्या यादीत दख्खनचं नावही आहे. २०१७ पासून असा डेटा ठेवायला नॅशनल डेटा रिपॉझिटरी आहे. म्हणजे ट्रक आहेत, माणसं आहेत, गोदामही आहे. यापुढे सरकारी पैशातून जी प्रत्येक रेषा होईल तिच्या कंत्राटात दोन ओळी असाव्यात. एक, रेकॉर्ड किमान २० सेकंदांचा हवा. दोन, जुळवणी न केलेला कच्चा रेकॉर्ड जपून ठेवायचा, आणि ठरावीक वर्षांनी विद्यापीठांना, संशोधकांना खुला करायचा.

खर्च? अशा कामात मोठा खर्च असतो माणसांचा, ट्रकचा, परवानग्यांचा, पिकाच्या भरपाईचा. सुरुंग वापरणार असाल तर जास्तीचे १५ सेकंद ऐकायला वीज सोडून काही लागत नाही. ट्रक वापरणार असाल तर प्रत्येक स्वीपमागे काही सेकंद जास्त जातील, दिवसाचं काम थोडं कमी होईल. हा खर्च खरा आहे, पण त्याच जागी दहा वर्षांनी पुन्हा जाण्याच्या तुलनेत किरकोळ आहे. आणि स्टोरेज? आजकाल लग्नाच्या व्हिडिओला लोक टेराबाइटची डिस्क घेतात. त्याबद्दल न बोललेलंच बरं :)

हेही सांगतो की तेलासाठी दिलेला धक्का खोल कामासाठी दरवेळी पुरेल असं नाही. दहा रेषांतल्या काही रेषांवर दहाव्या सेकंदाला नुसता गोंगाट असेल. असू दे. तो जपायला फारसं लागत नाही, आणि आजचा गोंगाट उद्याच्या सॉफ्टवेअरला गोंगाट वाटेलच असं नाही.

'एवढं करून भूकंप थोडाच थांबणार?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नाही थांबणार. पण घर कुठे आणि किती मजबूत बांधायचं, धरणाचा आराखडा कुठला धक्का धरून करायचा, शाळेच्या इमारतीला आधी आधार द्यायचा की पुढच्या वर्षी, हे सगळे निर्णय 'इथे जास्तीत जास्त किती मोठा धक्का बसू शकतो' या एका आकड्यावर चालतात. तो आकडा भ्रंशाच्या आकारातून येतो. आकार माहीत नसेल तर आकडा जुन्या भूकंपांच्या यादीतून काढावा लागतो, आणि किल्लारीने दाखवून दिलंय की यादीत नाव नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे.

आपल्या लोकांसाठी शेवटचं. या प्रोसेसिंगची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधून आलेलं सिस्मिक युनिक्स आहे, २००६ पासून उघड झालेलं मॅडागास्कर आहे. कोरिलेशन आणि मायग्रेशन शिकायला आपला लॅपटॉप पुरतो. पुण्या-मुंबईत आणि बंगलोरमध्ये बसून दुसऱ्यांच्या बँकांचे लॉग चाळणारी इतकी हुशार मराठी पोरं आहेत. त्यातल्या दहा जणांना जरी आपल्याच जमिनीचा कच्चा रेकॉर्ड मिळाला, तरी शनिवार-रविवारच्या कामातून काही ना काही निघेल. निदान चांगले प्रश्न तरी निघतील.

त्यासाठी आधी कुणीतरी रेकॉर्डर चालू ठेवायला हवा. अजून दहा सेकंद.